कुकी : संकेतस्थळाची स्मृती आणि नागरिकाची संमती

सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिलाचा भरणा, परीक्षेचा निकाल अशी कितीतरी कामे आज संगणकाच्या अथवा मोबाईलच्या पडद्यावर पार पडतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अंमलात आला आणि ‘आपले सरकार’ या संकेतस्थळाद्वारे शासनाच्या अनेक सेवांसाठी घरबसल्या अर्ज करणे शक्य झाले. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी गावोगावी सेवा केंद्रे आहेत. या सोयीबरोबर एक नवा प्रश्नही नागरिकांसमोर आला आहे. अनेक संकेतस्थळे उघडताच पडद्यावर एक चौकट दिसते. ‘हे संकेतस्थळ कुकींचा वापर करते’ अशा आशयाचा मजकूर तीत असतो, आणि शेजारी ‘स्वीकारा’ असे बटण असते. बहुतेक जण मजकूर न वाचताच ते बटण दाबून पुढे जातात.

कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, हे आपल्याकडे आता शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पडद्यावरचे हे बटण म्हणजेही एका परीने अंगठाच होय. म्हणूनच कुकी म्हणजे काय, ती कोणत्या कामी येते, तिच्यामुळे कोणता धोका संभवतो आणि तिच्यावर नियंत्रण कसे ठेवावे, याची माहिती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

कुकीची गरज का निर्माण झाली?

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ साली ज्या जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली, त्याची रचना मुळात विस्मरणशील होती. वाचकाच्या संगणकाने एखादे पान मागावे, दूरच्या संगणकाने ते पाठवावे आणि व्यवहार तेथेच संपावा, अशी ती पद्धत. त्याच वाचकाने क्षणभराने दुसरे पान मागितले, तरी ‘हाच तो मघाचा वाचक’ हे ओळखण्याचे साधन त्या दूरच्या संगणकाजवळ नव्हते. लेख वाचण्यासाठी एवढे पुरेसे होते. परंतु खरेदी, बँकेचा व्यवहार अथवा चार पानांचा अर्ज या पद्धतीने पुरा होणे कठीण होते.

या अडचणीवर १९९४ साली ‘नेटस्केप’ या अमेरिकन कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने तोडगा काढला. संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकावर मजकुराची एक छोटीशी नोंद ठेवावयाची आणि वाचकाने पुढचे पान मागताना त्याच्या ब्राउझरने, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या प्रणालीने, ती नोंद आपण होऊन परत दाखवावयाची, असा हा तोडगा होता. या नोंदीस ‘कुकी’ हे नाव मिळाले. संगणकशास्त्रात दोन प्रणालींमध्ये फिरणाऱ्या खुणेच्या चिठ्ठीस पूर्वीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यावरून ते आले. बिस्किटाशी तिचा संबंध नावापुरताच!

देवस्थानांच्या आवारात चपला ठेवण्याची सोय असते. तेथे चपला दिल्या की क्रमांक घातलेला एक बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर भाविकाचे नाव नसते, गाव नसते. असतो तो केवळ क्रमांक. तो दाखविला की चपला परत मिळतात. कुकीचे काम बहुतांशी असेच चालते. तिच्यात बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढची खरी माहिती संकेतस्थळाच्या स्वतःच्या संगणकात नोंदलेली असते. कुकी हा संगणकीय विषाणू नव्हे. ती आपण होऊन काही करू शकत नाही आणि संगणकातील अन्य कागदपत्रेही वाचू शकत नाही. परंतु बिल्ला ज्याच्या हाती पडेल त्याला चपला मिळतात, ही गोष्ट मात्र कुकीलाही लागू आहे.

कुकींचे प्रकार

मुदतीच्या दृष्टीने कुकी दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार तात्पुरत्या कुकींचा. ब्राउझर बंद केला की त्या नष्ट व्हाव्यात अशी अपेक्षा असते. दुसरा प्रकार मुदतीच्या कुकींचा. त्या ठरलेल्या तारखेपर्यंत संगणकावर राहतात. गूगलच्या ‘क्रोम’ या ब्राउझरने २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवसांची केली आहे.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे वर्गीकरण मालकीवरून होते. वाचकाने जे संकेतस्थळ उघडले आहे त्यानेच ठेवलेली कुकी ही प्रथम पक्षाची कुकी. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा अनेक भाषा एकाच गल्लीत ऐकू येणारे शहर. येथील वाचकाने एखाद्या संकेतस्थळावर एकदा आपली भाषा निवडली की पुढच्या खेपेस ते त्याच भाषेत उघडते, ते सामान्यतः अशा कुकीमुळे. खरेदीच्या यादीतील वस्तू टिकून राहणे, अर्ज भरताना पानोपानी पासवर्ड द्यावा न लागणे, या सोयीही तिच्याच. अशा कुकींना हरकत घेण्याचे कारण नाही.

तृतीय पक्षाच्या कुकीची गोष्ट वेगळी आहे. समजा, भवानी पेठेत राहणाऱ्या एका शिक्षकाने सोलापुरी चादरीची किंमत एका संकेतस्थळावर पाहिली. दोन दिवसांनी तो बातम्यांचे दुसरेच संकेतस्थळ उघडतो, तर तेथे त्याच चादरीची जाहिरात पुढे येते. दोन्ही संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीचा मजकूर असतो आणि त्या कंपनीने शिक्षकाच्या संगणकावर आपली कुकी ठेवलेली असते. पेठेतील प्रत्येक दुकानाच्या दाराशी एकच माणूस वही घेऊन बसला आहे आणि बिल्ल्याचा क्रमांक पाहून कोण कोठे गेला, कशापाशी थांबला, हे लिहून घेत आहे, असाच हा प्रकार. एकट्या नोंदीला फारसे मोल नसते. परंतु आजाराविषयी, कर्जाविषयी, नोकरीविषयी केलेली विचारपूस एकाच वहीत जमा झाली म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याचे चित्र तयार होते, आणि ते त्याच्या अपरोक्ष तयार होते.

सामायिक संगणकाचा धोका

ग्रामीण आणि निमशहरी भागात याहून निकडीचा प्रश्न सामायिक संगणकाचा आहे. ग्रामपंचायत कार्यालयात, शाळेत, वाचनालयात अथवा सेवा केंद्रात एकाच संगणकावर दिवसभरात अनेकांची कामे होतात. एखाद्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर आपले नाव व पासवर्ड देऊन प्रवेश केला, काम झाल्यावर केवळ खिडकी बंद केली आणि तो घरी गेला, तर त्याचा बिल्ला बऱ्याचदा त्या संगणकातच राहतो. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या व्यक्तीने तेच संकेतस्थळ उघडल्यास पहिल्याचे खाते पासवर्डाशिवाय तिच्यासमोर उघडू शकते. बँक खात्याचा क्रमांक, जातीचा दाखला, पत्ता हे सर्व मग परक्याच्या नजरेस पडते. काही ब्राउझर मागील खिडक्या पुन्हा उघडून देण्याची सोय करतात. तेव्हा तात्पुरत्या कुकीही टिकून राहतात. म्हणून खिडकी बंद करणे म्हणजे खात्यातून बाहेर पडणे नव्हे, हे प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

कुकींवर नियंत्रण कसे ठेवावे?

पहिली गोष्ट, काम संपताच ‘लॉग आउट’ अथवा ‘बाहेर पडा’ हे बटण न चुकता दाबावे. त्यामुळे संकेतस्थळ आपल्याकडील नोंद बंद करते आणि बिल्ला सामान्यतः निरुपयोगी होतो. सामायिक संगणकावर ‘मला लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण करू नये आणि पासवर्ड जतन करण्यास ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा. जतन केलेला पासवर्ड ही कुकीहून वेगळी नोंद आहे. केवळ कुकी पुसल्याने तो पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट, साठलेल्या कुकी अधूनमधून पुसाव्यात. क्रोम, फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरांत संगणकावर ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ ही तीन बटणे एकत्र दाबली असता त्यासाठीची चौकट उघडते. मोबाईलवर ब्राउझरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये गोपनीयतेच्या सदराखाली ही सोय सापडते. कुकी पुसल्याने संकेतस्थळावरील आपले अर्ज अथवा खाते नष्ट होत नाही. फक्त पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो आणि भाषेसारख्या निवडी पुन्हा कराव्या लागतात.

तिसरी गोष्ट, तृतीय पक्षाच्या कुकी रोखाव्यात. ॲपलच्या सफारी या ब्राउझरने मार्च २०२० पासून त्या मुळातच रोखल्या आहेत. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कुकी अडविण्यास प्रारंभ केला आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी निरनिराळ्या कप्प्यांत ठेवण्याची पद्धत स्वीकारली. गूगलने अशा कुकी क्रोममधून काढून टाकण्याचा मनोदय जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला होता, परंतु जुलै २०२४ मध्ये तो मागे घेतला. तेव्हा क्रोम वापरणाऱ्याने ही निवड ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन स्वतःच करावयास हवी.

चौथी गोष्ट कार्यालयप्रमुखांसाठी. प्रत्येक कर्मचाऱ्यास संगणकावर स्वतंत्र खाते द्यावे. नागरिकांच्या वापरासाठी असलेल्या संगणकावर ब्राउझर बंद होताच कुकी आपोआप पुसल्या जातील अशी योजना करावी, अथवा ‘गुप्त’ खिडकीतच काम करण्याचा नियम घालावा. अशा सर्व गुप्त खिडक्या बंद केल्या की त्यांतील कुकी नाहीशा होतात. मात्र या खिडकीमुळे आपण अदृश्य होतो असा समज करून घेऊ नये. आपण जे संकेतस्थळ पाहतो त्याला आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला आपली भेट कळतेच.

कायदा काय सांगतो?

पडद्यावरील संमतीच्या चौकटीचा उगम युरोपात आहे. युरोपीय संघाने २००२ साली काढलेल्या निर्देशात २००९ साली सुधारणा करून अत्यावश्यक नसलेल्या कुकींसाठी वाचकाची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. २५ मे २०१८ पासून तेथे विदा संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा लागू झाला. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. कुकी स्वीकारणे जेवढे सोपे तेवढेच नाकारणे सोपे ठेवले नाही, या कारणावरून फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. सोलापूरच्या व्यापाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी आहे. युरोपातील ग्राहकांना उद्देशून आपला टॉवेल अथवा चादर विकू पाहणाऱ्या संकेतस्थळास, ते भारतातून चालत असले तरी, हा कायदा लागू होतो.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत केला. या अधिनियमात कुकीचा नामनिर्देश नाही. तथापि कुकीद्वारे ज्या व्यक्तीची ओळख पटू शकते तिची माहिती गोळा होत असेल, तर संमतीविषयीची तत्त्वे तेथेही लागू पडतात. संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी. ती देणे जितके सुलभ तितकेच ती मागे घेणेही सुलभ असावे. आणि संमतीची सूचना इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकास असावा, अशी तरतूद आहे. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास काही अपवाद वगळता मनाई आहे. शाळांनी या तरतुदीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्यांची अंमलबजावणी तेव्हापासून अठरा महिन्यांनी सुरू करण्याचे त्यात ठरविण्यात आले आहे.

लोकशिक्षणाची आवश्यकता

कायदा झाला म्हणजे संरक्षण आपोआप मिळत नाही, असा अनुभव इतर क्षेत्रांतही येतो. संमतीची सूचना मराठीत मागता येते हे ज्याला माहीत नाही, तो ती मागणार नाही. चौकटीत ‘स्वीकारा’ याच्या जोडीला ‘नाकारा’ अथवा ‘निवड करा’ असेही बटण अनेकदा असते. पण ते कोणी दाखवून दिल्याखेरीज नजरेस येत नाही. शिक्षकांनी संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून हे बटण शोधून घ्यावे. सेवा केंद्राच्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी ‘काम झाले, लॉग आउट केले का?’ एवढी एक ओळ मराठीत लावावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत पाच मिनिटे या विषयाला दिली, तरी पुष्कळ साध्य होईल.

कुकी ही मूलतः सोयीची वस्तू आहे. तिच्यावाचून आजचे बहुतेक ऑनलाईन व्यवहार अडून पडतील. तेव्हा सरसकट भय बाळगण्याचे कारण नाही आणि सरसकट स्वीकारण्याचेही नाही. आपला बिल्ला कोणाकडून घ्यावयाचा, किती वेळ जवळ ठेवावयाचा आणि केव्हा परत करावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. गावातील शेवटच्या नागरिकाला तो निर्णय समजून घेता यावा, ही जबाबदारी मात्र त्याच्या वतीने संगणकासमोर बसणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची आहे.