ताणा तुटला तरी साचा चालतो

सुरतच्या लिंबायतमध्ये 'टेन्शन' हा शब्द आम्ही येता-जाता वापरतो. पगार लांबला, टेन्शन. पावसात गरनाळ्यात, म्हणजे पुलाखालच्या रस्त्यात, पाणी भरलं, टेन्शन. त्यामुळे खरं टेन्शन आलं तेव्हा मला ते ओळखूच आलं नाही. ॲसिडिटी समजून आठ महिने गोळ्या खाल्ल्या.

आम्ही अमळनेरकडचे. वडील साचाखात्यात, म्हणजे यंत्रमागावर; एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तास. घरात अहिराणी, दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावीपर्यंत गुजराती आणि बी.कॉम.ला इंग्रजी पुस्तकं. सकाळी सात ते अकरा कॉलेज, बारा ते नऊ रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये बिलं लिहायची, जेवून दहानंतर अभ्यास. वडिलांची दिवसपाळी असली की रात्री दिवा लावला तर त्यांची झोप मोडायची, म्हणून मी जिन्यात बसायचो. जागं राहायला चहा. चहातलं निम्मं कॅफिन अंगातून जायला सुमारे पाच तास लागतात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चहाचे पैसे तरी वाचले असते.

तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. एटीकेटी. आमच्या वर्गात निम्म्यांना असेल. पण घरी मी 'पास झालो' म्हणालो, आणि तिथून ते खोटं रोज सांभाळावं लागलं. परीक्षेची फी पगारातून लपवून भरायची, वडिलांनी मार्कशीट मागितली की विषय बदलायचा, शेजारच्या मित्राला आधीच पढवून ठेवायचं. अभ्यासापेक्षा या कामात जास्त डोकं जात होतं. छातीत धडधड, पोटात गोळा, बिलात ७६०च्या जागी ६७०. एका संध्याकाळी मार्केटच्या पायऱ्यांवरच बसलो. श्वास पुरेना. वाटलं, हार्ट ॲटॅक.

दवाखान्यात ईसीजी चांगला निघाला. डॉक्टरांनी झोप विचारली. चार तास, म्हणालो. "घरी कुणाला माहीत आहे?" यावर मी गप्प. संकट आलं की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, हृदय पळतं, पचन मंदावतं. हे पेपरच्या आधी तासभर झालं तर उपयोगाचं, पण तुझं आठ महिने चालू आहे, असं त्यांनी समजावलं. पोटाचा दोष नव्हताच.

त्या रात्री वडिलांना सगळं सांगितलं. मार पडेल असं वाटलं होतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाणा तुटना ते साचा थांबस. ताणा तुटना ते थांबत नही, चालतच ऱ्हास, आनि कपडामा रेघ पडत जास." जुन्या साच्यावर असंच होतं. आडवा धागा तुटला की यंत्र आपोआप थांबतं. उभा तुटला तर कारागिराच्या नजरेस पडेपर्यंत खराब कापड विणलं जातं. एवढं बोलून त्यांनी फी किती ते विचारलं.

तेव्हा पहिलं सांगणं हेच: निकाल बिघडला तर त्याच आठवड्यात एका मोठ्या माणसाला सांगा. आई, मामा, मास्तर, कुणीही.

दुसरं, दिवसाचे चोवीस तास कागदावर मांडा. मला सगळ्यांनी 'पॉझिटिव्ह राहा' सांगितलं. पण माझ्या हिशेबात झोपेलाच जागा नव्हती, तिथे पॉझिटिव्ह कुठून राहणार? शेठला सांगून मी सातला सुटू लागलो. पगार कमी झाला, घरात ओढाताण झाली, पण झोप सहा तासांवर आली आणि आकडे चुकायचे थांबले. सुट्टीच्या दिवशी घोडदोड रोडच्या कवी नर्मद वाचनालयात जाऊ लागलो. लांब पडतं, पण जिन्यापेक्षा बरं. धडधड वाढली की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, हे डॉक्टरांनी शिकवलेलं अजून कामी येतं.

एवढ्यानं भागलं नाही, दोन-दोन आठवडे झोप-भूक उडाली, तर स्मीमेर किंवा नव्या सिव्हिल रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढताना लाज वाटते, मलाही वाटली होती. जगूच नये असं मनात आलं तर ओपीडीच्या वेळेचीही वाट पाहू नका. त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. कॉलेजातही विचारा: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे. आमच्या वेळी असं कुणी नव्हतं.

बी.कॉम.ला मला तीनऐवजी चार वर्षं लागली. आजवर एकाही मुलाखतीत कुणी त्याबद्दल विचारलेलं नाही.