दोन मोबाईल, एक स्टॉक: नेटवर्क गेलं तरी हिशोब जुळणार कसा?



आजच्या विषयाचं नाव जरा भारी आहे: कॉन्फ्लिक्ट-फ्री रेप्लिकेटेड डेटा टाइप, थोडक्यात सीआरडीटी. घाबरू नका. तुम्हाला कोडिंग शिकायचं नाही. पण एकाच धंद्याचा हिशोब दोन मोबाईलवर ठेवणार असाल, तर ॲप घेण्याआधी एवढं समजलंच पाहिजे. व्हिडिओत आकडे पटापट पुढे गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो.

यात्रेच्या दिवसाचा घोळ

समजा, औंढा नागनाथला मंदिराच्या रस्त्यावर तुमचं दुकान आहे. हळदीची पाकिटं, पूजेचं साहित्य, प्रसाद. महाशिवरात्रीला गर्दी असते, म्हणून तुम्ही बसस्टँडकडे दुसरा स्टॉल लावला. दुकानात तुम्ही, स्टॉलवर धाकटा भाऊ. माल घरच्या खोलीत एकत्र ठेवलेला, लागेल तसा आणायचा. दोघांच्या मोबाईलमध्ये एकच ॲप आणि सकाळी दोन्हीकडे हळदीची शिल्लक १०० पाकिटं.

गर्दी वाढली, नेटवर्क गेलं. तुम्ही ३० विकली, तुमच्या ॲपने लिहिलं ७०. भावाने ४५ विकली, त्याच्या ॲपने लिहिलं ५५. संध्याकाळी नेटवर्क आलं. आता खरं काय, ७० की ५५? बरीच ॲप्स सरळ शेवटी लिहिलेला आकडा ठेवतात. भावाची नोंद शेवटची, म्हणून ५५ राहिले. खोलीत जाऊन मोजलं तर पाकिटं २५!

३० पाकिटं गेली कुठे? कुठेच नाही. ती तुम्हीच विकलीत, पण तुमची विक्री ॲपने पुसून टाकली. आणि रात्री संशय कुणावर येतो? भावावर. चूक सॉफ्टवेअरची आणि भांडण घरात. म्हणून हा विषय महत्त्वाचा.

चूक नेमकी कुठे झाली?

ॲपने दोघांना विचारलं, "किती उरले?" खरं तर विचारायला हवं होतं, "तुम्ही किती विकले?" किती उरले हे नेट नसताना दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं. आपण किती विकले, हे मात्र प्रत्येकाला पक्कं माहीत असतं.

जुन्या दुकानांत दोन गल्ले असले की वह्याही दोन असायच्या. दुसऱ्याच्या वहीत कुणी खाडाखोड करायची नाही, रात्री दोन्ही वह्यांची बेरीज करायची. सीआरडीटीमागचा विचार हाच आहे. २०११ मध्ये मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की या संशोधकांनी त्याला हे नाव देऊन पक्के नियम मांडले.

काउंटर कसा चालतो?

प्रत्येक मोबाईलला स्वतःची ओळ. ओळीत दोन रकाने: आवक आणि विक्री.

- तुमचा मोबाईल: आवक १००, विक्री ३०
- भावाचा मोबाईल: आवक ०, विक्री ४५

शिल्लक कुठेच लिहायची नाही, ती काढायची. एकूण आवक १००, एकूण विक्री ७५, शिल्लक २५. जुळलं!

यात तीन नियम लक्षात ठेवा.

१. आपल्या ओळीत फक्त आपणच लिहायचं.

२. आकडा फक्त वाढतो. गिऱ्हाईकाने ५ पाकिटं परत केली तर विक्री ३० ची २५ करायची नाही, आवक १०० ची १०५ करायची.

३. दोन मोबाईल भेटले की प्रत्येक रकान्यात जो आकडा मोठा तो ठेवायचा.

मोठाच का? कारण आकडा कधी कमी होत नाही, म्हणजे मोठा आकडा हाच नवा. नेटवर्क तुटक असेल तर भावाची "विक्री ४५" ही नोंद तुमच्याकडे दोनदा येऊ शकते. ती दोनदा मिळवली तर ९० होतील. ४५ आणि ४५ मधला मोठा घेतला तर ४५ च राहतात. नोंदी कुठल्याही क्रमाने येवोत, कितीही वेळा येवोत, शेवटी दोन्हीकडे तोच आकडा. मोबाईलचं घड्याळ मागे-पुढे असलं तरी फरक पडत नाही.

यादीचं काय?

आकड्यांसारखाच घोळ यादीत होतो. ॲमेझॉनने २००७ मध्ये आपल्या डायनामो या डेटाबेसबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात खरेदीच्या कार्टचं उदाहरण आहे: दोन प्रती एकत्र करताना टाकलेली वस्तू हरवत नसे, पण काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत दिसायची.

यावर सीआरडीटीमध्ये उपाय आहे. यादीत वस्तू टाकताना प्रत्येक वेळी तिला नवा शिक्का मिळतो आणि काढताना आपल्याला दिसलेलेच शिक्के रद्द होतात. म्हणजे तुम्ही "प्रसाद पुडा" यादीतून काढला आणि त्याच वेळी भावाने तो नव्याने टाकला, तर त्याचा नवा शिक्का तुम्ही पाहिलेलाच नव्हता. वस्तू यादीत राहते. कुणाचं काम गुपचूप पुसलं जात नाही.

पण हे जादू नाही!

इथे बरेच जण फसतात. सीआरडीटी हिशोब जुळवतो, माल वाढवत नाही. २५ पाकिटं उरली आहेत, नेट नाही. तुम्ही १५ पाकिटांच्या ऑर्डरचे पैसे घेतले, भावाने २० च्या. रात्री दोन्ही मोबाईल एकमताने सांगतील: शिल्लक उणे १०. हिशोब बरोबर, पण गिऱ्हाईक दारात उभं.

उपाय म्हणजे आधीच वाटणी. २५ पैकी १५ तुमची, १० भावाची. आपला वाटा संपला की नेटवर्क येईपर्यंत किंवा निरोप पोचेपर्यंत विक्री बंद.

बिल नंबरचंही तसंच. ऑफलाइन असताना दोघांनी "पुढचा नंबर" घेतला तर एकाच नंबरची दोन बिलं होतील. दोन काउंटरना दोन वेगळ्या मालिका द्या. जीएसटीच्या नियमात बिलांच्या एकापेक्षा जास्त मालिका चालतात. नंबर क्रमाने हवा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि १६ अक्षरांच्या आत हवा.

आणखी एक. जुन्या मोबाईलचा बॅकअप दुसऱ्या मोबाईलवर टाकून दोन्ही चालू ठेवू नका. दोघांची ओळख एकच झाली तर दोघं एकाच ओळीत लिहितील, मोठा आकडा राहील आणि दुसऱ्याची विक्री गायब. नवा मोबाईल, नवी ओळ.

आजचा गृहपाठ

ॲप विकणाऱ्याला "सीआरडीटी आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणेल. स्वतः तपासा.

१. दोन मोबाईलवर एकच वस्तू उघडा, शिल्लक १०० ठेवा.

२. दोन्हीकडे फ्लाइट मोड चालू करा. एकीकडे ३० विका, दुसरीकडे ४५.

३. फ्लाइट मोड बंद करा, सिंक होऊ द्या आणि दोन्हीकडे बघा.

दोन्हीकडे २५ दिसले तर पहिली परीक्षा पास. ७० किंवा ५५ दिसले तर ते ॲप एका काउंटरपुरतंच ठीक आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी ही तपासणी करा. आणि तोपर्यंत? दोन काउंटर, दोन वह्या, रात्री बेरीज. ही पद्धत आजही चुकत नाही.