केबल बंद करण्यापूर्वी

प्रश्न : केबलचे मासिक शुल्क जड वाटते. घरी ब्रॉडबँड आहे. आईला सह्याद्री वाहिनी हवी. काय तजवीज करावी?

उत्तर : ज्या घरी ब्रॉडबँड अखंड चालतो त्या घराने केबल खुशाल बंद करावी, मात्र अ‍ॅपवरील एचडी चित्रासाठी प्रत्येक टीव्हीमागे सुमारे ५ एमबीपीएस वेग लागतो, आणि राउटर दिवाणखान्यात व टीव्ही आतल्या खोलीत असल्यास, भिंतीआड क्षीण होणाऱ्या वाय-फायवर विसंबण्यापेक्षा लॅनची तार ओढणे श्रेयस्कर. मातोश्रींसाठी डीडी फ्री डिशची छत्री अवश्य बसवावी : तिला मासिक शुल्क नाही, तिच्यावर सह्याद्री दिसते, आणि इंटरनेट खंडित झाले तरी बातम्या थांबत नाहीत, वृद्धांना अ‍ॅपांच्या जंजाळात ढकलणे मला अन्यायाचे वाटते. जुना सेट-टॉप बॉक्स परत करताना पोचपावती घ्यावी, अनामत भरली असल्यास तीही मागावी.