मशीन चुकतंय म्हणणारा ‘निगेटिव्ह’ का ठरतो?

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअर आहे. इंदुरातच विजयनगरमधल्या एका नव्या हेल्थ-टेक कंपनीत नोकरी करतो. मोबाईलला जोडायच्या उपकरणावरून आजाराचा अंदाज सांगणारं काहीतरी ते बनवतात. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांची झाडाझडती चालते, दर पंधरवड्याला टार्गेट बदलतं आणि उपकरणाचं उत्तर चुकतंय असं कुणी म्हटलं, की ‘तू फार निगेटिव्ह आहेस’ असं सगळ्यांसमोर ऐकवतात. चांगली मुलं भराभर सोडून चालली आहेत. आरोग्याचं काम करणाऱ्या कंपनीत असं का व्हावं? आणि मुलानं काय करावं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत, पण तिन्हींचं वजन सारखं नाही. रात्री अकराचा मेसेज हा उर्मटपणा. पंधरवड्याला बदलणारं टार्गेट हा बहुतेक वेळा गोंधळ, म्हणजे वरच्यालाच नक्की काय हवंय ते उमगलेलं नसतं. हे दोन्ही प्रकार कुठल्याही धंद्यात सापडतील, सरकारी कचेरीतसुद्धा. तिसरी तक्रार मात्र गंभीर आहे. छप्पन दुकानवरून पोहे पोहोचवणारं ॲप चुकलं तर पोहे गार मिळतात. तपासणीचं उपकरण चुकलं तर कुणाची गोळी चुकते.

असं का होतं, याचं बरंचसं उत्तर पैशाच्या वेळापत्रकात आहे. गुंतवणूकदारांकडून आलेला पैसा साधारण दीड-दोन वर्षं पुरतो. तो संपायच्या आत पुढची फेरी उभी करायची, म्हणजे वाढीचा आलेख दाखवायचा. इकडे वैद्यकीय पडताळणीला तिचा स्वतःचा वेळ लागतो : एथिक्स कमिटीची परवानगी, पुरेसे रुग्ण, प्रस्थापित तपासणीशी तुलना, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. या दोन वेळापत्रकांत जी फट पडते, तिचं ओझं कुणावर टाकायचं, यात वरच्या माणसाची पारख होते. धडधाकट फाउंडर गुंतवणूकदाराला ‘अजून तयार नाही’ असं सांगतो. कच्चा फाउंडर तेच ओझं खाली ढकलतो आणि मंगळवारपर्यंत आकडे जुळवून आणायला सांगतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते कोर्टात शपथेवर नोंदलं गेलंय. एलिझाबेथ होम्स हिनं २००३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी थेरानोस काढली. बोटातल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या, असा दावा होता. २०१४ मध्ये कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर धरली गेली. संचालक मंडळावर जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर यांच्यासारखे माजी परराष्ट्रमंत्री होते. रक्ततपासणीतलं कळणारा माणूस शोधावा लागला असता. आतला कारभार होम्स आणि रमेश ‘सनी’ बलवानी यांच्या हाती. एका विभागानं दुसऱ्या विभागाशी कामाबद्दल बोलायचं नाही, असा दंडक.

एरिका चंग ही नुकतीच पदवी घेतलेली मुलगी तिथल्या प्रयोगशाळेत होती. रुग्णाचं रक्त लावण्याआधी मशीनला उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना द्यायचा असतो. मशीननं ते उत्तर बरोबर दिलं, तरच रुग्णाचा नमुना लावायचा. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधला रोजचा सकाळचा रिवाज आहे हा. थेरानोसमध्ये हे नमुने वारंवार नापास होत. मग जुळत नाहीत ते आकडे वगळले जायचे आणि उरलेल्यांवर चाचणी पास व्हायची. तिनं हे वर सांगितलं, उपयोग झाला नाही, २०१४ मध्ये तिनं नोकरी सोडली. तिचा सहकारी टायलर शुल्ट्झ तर त्याच जॉर्ज शुल्ट्झ यांचा नातू. त्यानं होम्सला सविस्तर ईमेल लिहिला. उत्तर आलं बलवानींकडून, अपमानास्पद. पुढे तो आजोबांच्या घरी बोलणी करायला गेला, तेव्हा वरच्या मजल्यावर कंपनीचे वकील दबा धरून बसले होते. नातवापेक्षा कंपनीवर विश्वास ठेवणाऱ्या आजोबांचं मला आजही नवल वाटतं. शुल्ट्झ कुटुंबाचे वकिलांवर लाखो डॉलर गेले.

२०१५ मध्ये चंगनं प्रयोगशाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं, त्याच सुमारास वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये जॉन कॅरीरू यांच्या बातम्या सुरू झाल्या आणि डोलारा कोसळला. २०१८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. २०२२ मध्ये होम्सला अकरा वर्षांहून अधिक आणि बलवानींना जवळपास तेरा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडे बंगळुरूच्या मोजोकेअर या आरोग्यसेवा कंपनीत जून २०२३ मध्ये गुंतवणूकदारांनाच हिशेबात गडबड आढळली आणि बहुतेक कर्मचारी एका झटक्यात घरी गेले. त्या मुलांचा हिशेबाशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणजे तुमच्या मुलाचे साहेब ठग आहेत का? एका पत्रावरून असं म्हणणं अन्यायाचं होईल. नव्या कंपनीत उपकरण चुकणारच, चुकत-चुकतच ते सुधारतं. पाहायचं एवढंच, की चूक सांगणाऱ्याचं पुढे काय होतं. चुकीची नोंद होऊन दुरुस्तीला माणूस लागतो, की सांगणाऱ्याचं काम काढून घेतात? आणि उपकरण अजून चाचणीत आहे, की खऱ्या रुग्णांवर वापरात आलंय? दुसरी गोष्ट खरी असेल तर प्रश्न तुमच्या मुलाच्या नोकरीपुरता राहत नाही. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय वापराची उपकरणं, त्यांतलं सॉफ्टवेअरसुद्धा, औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि उपकरणामुळे झालेल्या अपायाची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे आहे.

तक्रार करणाऱ्याला संरक्षण किती, हे मात्र न लपवता सांगायला हवं : खासगी कंपनीत जवळजवळ नाही. २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी कारभारापुरता आहे आणि तोही आजवर अमलात आलेला नाही. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतली खोटी आकडेवारी उघड करणाऱ्या दिनेश ठाकूर यांना न्याय मिळाला तो अमेरिकी कायद्याखाली. २०१३ मध्ये कंपनीनं तिथे गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. भारतात काम केलेल्या माणसाला दाद मागायला तिकडे जावं लागलं, हे आपल्याला शोभणारं नाही.

म्हणून मुलानं तोंडी वाद थांबवावा आणि कंपनीच्या ईमेलवर शांत भाषेत, तारीख घालून लिहावं : अमुक चाचणीत अमुक फरक दिसला, पुढे काय करायचं ते कळवावं. रुग्णांची माहिती किंवा कंपनीचा कोड स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ नये. फिर्यादीचा आरोपी व्हायला तेवढं पुरतं. अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक घरी ठेवावं. पीएफचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. पगारातून कापून भरला नसेल, तर तो फौजदारी गुन्हा आहे. कंपनीचा श्वास लागल्याचं पहिलं लक्षण बहुधा इथेच दिसतं.

सोडायचं ठरलं, तर ‘दोन वर्षं प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ या कलमाला फार घाबरू नये. करार कायदा १८७२ चं कलम २७ असं बंधन रद्दबातल ठरवतं. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानविरुद्ध पर्सेप्ट डी’मार्क कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. करार संपल्यानंतरही त्याला बांधून ठेवू पाहणारी अट २००६ मध्ये न्यायालयानं मान्य केली नाही. प्रशिक्षणखर्चाचा बॉण्ड आणि गुप्ततेची अट यांचं तसं नाही, त्या वाचूनच सही केलेली बरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे, नोकरी सुटल्यावर उरलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवं. ‘पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल’ हे एचआरचं पाठ केलेलं वाक्य वेतनापुरतं तरी आता चालणार नाही.

देणी थकली की काय होतं, हे इंदूरकरांना मी काय सांगावं? हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते डिसेंबर २०२३ मध्ये. तेव्हा तुमच्या मुलानं थकलेल्या पगारासाठी ‘फंडिंग येऊ दे’ या शब्दावर महिनोन्महिने थांबू नये. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय भोपाळला नाही, इंदुरातच आहे. लेखी अर्ज घेऊन तिथे जावं आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.