मदत केव्हा करावी?



पाड्यावरच्या एका आजींची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. २१व्या दिवशी एका अंड्याला भोक पडले, आतून चिवचिव ऐकू आली. दोन तास झाले तरी पिल्लू बाहेर येईना. मला राहवले नाही. मी कवच सोलले. आतल्या पापुद्र्यातून रक्त आले आणि पिल्लू माझ्या हातातच गेले. आजी एवढेच म्हणाल्या, "ताई, त्याची वेळ झाली नव्हती."

पहिले भोक पडल्यावर पिल्लू बहुधा १२ ते २४ तास थांबते, हे मी नंतर शिकले. या वेळात ते फुप्फुसाने श्वास घेऊ लागते, पापुद्र्यातले रक्त अंगात ओढून घेते आणि उरलेला बलक पोटात सामावतो.

मग मदत कधीच करू नये का? तसे नाही. २४ तास उलटूनही भोक वाढले नाही आणि पापुद्रा वाळून पिवळसर, चिवट झाला, तर पिल्लू अडकलेले असते. तेव्हा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओला करावा. चोचीत पाणी जाऊ देऊ नये. भोकाजवळचे थोडेच कवच काढावे. रक्त दिसले की थांबावे आणि अंडे पुन्हा उबेत ठेवावे.

बचत गटातली एखादी बाई हिशेब लिहायला वेळ लावते, तेव्हा तिची वही ओढून घेण्याआधी मला ते पिल्लू आठवते. मी शेजारी बसून राहते. ती खरोखरच अडली, तर एखादा आकडा सांगते. पुढचे तीच लिहिते.