रासायनिक समीकरण कसे जुळवावे

चेन्नईच्या दक्षिण भागातील गिंडी येथे अळगप्पा चेट्टियार तंत्रशास्त्र महाविद्यालय १९४४ साली स्थापन झाले. ते आता अण्णा विद्यापीठात समाविष्ट आहे. जवळच, सरदार पटेल रस्त्यावर, अड्यारच्या हद्दीत १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. या परिसरात रसायनशास्त्राचा अभ्यास आणि कातडे कमावण्याचा उद्योग यांचे नाते फार निकटचे आहे. म्हणून समीकरणाचा पहिला पाठ आपण याच उद्योगातून घेऊ.

पूर्वी या प्रांतात कातडी तरवडाच्या सालीने कमावीत. त्या काढ्यात कातडे कित्येक आठवडे मुरत ठेवावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या प्रयत्नांनी मद्रासेत क्रोमियमच्या लवणाचा वापर सुरू झाला आणि तेच काम एकदोन दिवसांत होऊ लागले. हे लवण म्हणजे बेसिक क्रोमियम सल्फेट. ते सोडियम डायक्रोमेटपासून तयार करतात. डायक्रोमेटच्या द्रावणात सल्फर डायऑक्साइड वायू सोडला की त्याचे क्षपण होते, नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो. (लहान कारखान्यांत वायूऐवजी मळी व गंधकाम्ल वापरण्याचीही रीत आहे, परंतु तिचे समीकरण नवशिक्यासाठी नव्हे.)

विक्रियेत अणू नव्याने निर्माण होत नाहीत आणि नष्टही होत नाहीत. त्यांची केवळ जुळणी बदलते. मराठीत मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम घटकाला आपण अणू म्हणतो व अणूंच्या समूहाला रेणू. हिंदी पुस्तकांत 'अणु' हा शब्द रेणूसाठी योजतात, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. अन्यथा मोजणीच चुकेल.

प्रथम रेणूंची घडण पाहू. डायक्रोमेटच्या एका रेणूत सोडियमचे २, क्रोमियमचे २ व ऑक्सिजनचे ७ अणू असतात. तयार होणाऱ्या क्रोमियम लवणात क्रोमियम १, हायड्रोजन १, गंधक १ व ऑक्सिजन ५. सोबत निर्माण होणाऱ्या सोडियम सल्फेटमध्ये सोडियम २, गंधक १, ऑक्सिजन ४.

डावीकडे क्रोमियमचे दोन अणू आहेत, म्हणून उजवीकडे क्रोमियम लवणाचे दोन रेणू हवेत. सोडियम आपोआप जुळला. आता उजवीकडे गंधकाचे अणू २ + १ = ३ झाले; तेव्हा डावीकडे सल्फर डायऑक्साइडचे तीन रेणू घेतले पाहिजेत. हायड्रोजनचे दोन अणू पाण्याच्या एका रेणूतून मिळतात. ऑक्सिजनला आपण हात लावलेला नाही, म्हणून पडताळ्यासाठी तोच मोजावा: डावीकडे ७ + ६ + १ = १४; उजवीकडे १० + ४ = १४.

सोडियम डायक्रोमेट + ३ सल्फर डायऑक्साइड + पाणी → २ बेसिक क्रोमियम सल्फेट + सोडियम सल्फेट

येथे बदलले ते रेणूंच्या संख्येचे गुणक. रेणूच्या आतील अणुसंख्या बदलण्याची मुभा कोणालाही नाही. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक जादा अणू घातला तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते.

अणुभारांवरून हिशेब केला तर २६२ किलोग्रॅम डायक्रोमेटला १९२ किलोग्रॅम वायू व १८ किलोग्रॅम पाणी लागते, एकूण ४७२. उजवीकडे ३३० व १४२, म्हणजे पुन्हा ४७२. समजा, कोणी तीनचा गुणक विसरून ६४ किलोग्रॅमच वायू सोडला. मग एकतृतीयांश डायक्रोमेटचेच रूपांतर होईल आणि सुमारे १७५ किलोग्रॅम तसेच उरेल. हा षट्संयुजी क्रोमियम विषारी व कर्करोगकारक आहे. तो जमिनीत मुरला म्हणजे काय होते, हे चेन्नईच्या पश्चिमेस राणीपेट येथे दिसते. १९९०च्या दशकात बंद पडलेल्या एका क्रोमेट कारखान्याच्या कचऱ्याने तेथील भूजल दूषित झाले आहे.

मात्र समीकरण जुळले म्हणजे विक्रिया पूर्ण झालीच, असे नाही. ती किती वेगाने चालेल, किती आम्ल व किती उष्णता लागेल, हे त्यात लिहिलेले नसते. म्हणून द्रावण हिरवे दिसले तरी कुशल रसायनज्ञ त्याचा नमुना घेऊन षट्संयुजी क्रोमियम उरला आहे काय, हे तपासतो, आणि मगच ते पिंपात भरू देतो.