ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तीन आकडे बघा

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून एडिटिंगच्या कॉम्प्युटरचा हिशोब इथे नीट लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. दिवाळीच्या तोंडावर दुकानाच्या ऑफरचे व्हिडिओ करायचे होते. घरचा कॉम्प्युटर म्हणजे आठव्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम आणि जुनी १ टीबी हार्ड डिस्क. टाइमलाइनवर क्लिप टाकली की अडकायची. जो तो म्हणाला ग्राफिक्स कार्ड टाक. मी माल भरायला ठेवलेल्या पैशातून १४ हजार काढून कार्ड आणलं. क्लिप तरी अडकतच होती! वर होलसेलवाल्याचं पेमेंट लांबलं, आकाशकंदिलांचा माल उशिरा आला आणि सीझनचे चार दिवस हातचे गेले. वर्किंग कॅपिटलवर बीबीएला अख्खा पेपर दिला होता मी. बायको अजून त्या कार्डाला 'चौदा हजारांचा आकाशकंदील' म्हणते.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' मध्ये जा आणि ते उघडं ठेवून नेहमीसारखं एडिटिंग करा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, यातलं कोण सारखं १०० टक्क्यांना टेकतंय ते बघा. माझी डिस्क १०० वर, मेमरीही जवळपास भरलेली आणि प्रोसेसर निवांत. आता इथे एक गोम आहे. रॅम भरली की विंडोज उरलेला डेटा डिस्कवर टाकतं, म्हणजे डिस्क दमलेली दिसली तरी दुखणं रॅमचंही असू शकतं. दोन्ही आकडे एकत्र वाचा.

पहिला खर्च एसएसडीचा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १००-१५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास. शिवाय छोट्या छोट्या फाइल शोधण्यात तर तुलनाच नाही. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रोजेक्ट एसएसडीवर ठेवा, जुनी डिस्क फेकू नका, संपलेली कामं तिच्यावर ठेवा. बदलण्याआधी बॅकअप मात्र घ्याच.

दुसरा खर्च रॅमचा, १६ जीबीपर्यंत. दुकानात जाताना मदरबोर्डचा मॉडेल नंबर लिहून न्या, कारण डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही. आधीची एकच ८ ची पट्टी असेल तर तशीच दुसरी घ्या. दोन पट्ट्या जोडीने जास्त वेगात चालतात.

तिसरा उपाय फुकट आहे आणि तो बहुतेक लोक करत नाहीत: प्रॉक्सी. दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्येही ही सोय आहे. सॉफ्टवेअर तुमच्या क्लिपची हलकी कॉपी बनवतं, तुम्ही तिच्यावर काटछाट करता आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ क्लिपवरून होतो. आणि खरं सांगू? ग्राहक मोबाइलवरच बघणार असेल तर ४के शूट कशाला करायचं? फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात त्यात, सगळा भार मशीनवर.

एवढं करून कलर, इफेक्ट किंवा एक्सपोर्टला वेळ लागत असेल तरच कार्डाचा विचार करा, तोही आपला पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते बघून.

भाव रोज बदलतात, दोन-तीन दुकानांत विचारा आणि बिल पक्कं घ्या. तुम्ही रेग्युलर जीएसटीमध्ये असाल आणि मशीन धंद्यासाठी वापरत असाल, तर बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घ्या, भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही.

प्रॉक्सी कशी बनवायची ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो. तोपर्यंत आपल्या मशीनचे तीन आकडे वहीत लिहून ठेवा.